ठिणगी कुणाचीही, धूळ आपली

१४ डिसेंबर १७८५ रोजी संध्याकाळी इटलीतल्या तुरिन शहरात एका बेकरीच्या पिठाच्या कोठारात स्फोट झाला. काउंट मोरोझ्झो यांनी त्याची चौकशी करून सविस्तर वृत्तांत लिहिला. एक मुलगा दिव्याच्या उजेडात पीठ उपसत होता. ढीग ढासळला, पिठाचा ढग उठला आणि दिव्याच्या ज्योतीने तो पेटला. त्या वर्षी कित्येक महिने पाऊस नसल्यामुळे पीठ नेहमीपेक्षा कोरडे होते, हेही मोरोझ्झोंनी टिपून ठेवले. बारीक कण, कोरडेपणा, हवेतला ढग, कोंडलेली जागा आणि ज्योत ही स्फोटाची सगळी सामग्री त्या जुन्या वृत्तांतात एकत्र सापडते. तरीही पीठ, साखर, औषधांची भुकटी, प्लास्टिकची पूड आणि ॲल्युमिनियमचा कीस यांचे स्फोट आजही होतात आणि माणसे मरतात. ज्ञान असून उपयोग का होत नाही, या प्रश्नाच्या मुळाशी एक मतभेद आहे. कारखाना चालवणाऱ्याची नजर ठिणगीवर असते, तर स्फोटांचा अभ्यास करणाऱ्याची धुळीवर. आपल्याकडे वाद करताना पूर्वपक्ष दुबळा करून मांडणे हे कमीपणाचे मानतात. म्हणून दोन्ही पक्ष दोन काल्पनिक व्यक्तींच्या तोंडी, त्यांच्या पूर्ण बळानिशी ठेवले आहेत.

व्यवस्थापक : मॅडम, आग लागायला जळण, हवा आणि ठिणगी लागते, हे शाळेतलं पोरही सांगेल. हवा कारखान्यातून काढता येत नाही. जळण म्हणजे आमचा माल, तो काढला तर कारखान्याला कुलूपच लावावं लागेल. उरली ठिणगी, म्हणून आम्ही सगळा पैसा तिच्यामागे लावतो. काडेपेटी गेटवर जमा होते, वेल्डिंगला परमिट लागतं, यंत्रांना अर्थिंग असतं, मालातला खिळा-नट पकडायला मॅग्नेट बसवलेला असतो, दिवे आणि मोटारी फ्लेमप्रूफ असतात. आणि तुम्ही येऊन छताखालच्या तुळईवर बोट फिरवता, ते पांढरं झालेलं दाखवता आणि म्हणता, धोका इथे आहे! पीठ दळलं की ते उडणारच. गिरणीवाल्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या म्हणून त्याला कुणी बेफिकीर म्हणत नाही. धूळ हा धंद्याचा स्वभाव आहे, ठिणगी ही माणसाची चूक आहे. स्वभावाला औषध नसतं, चूक मात्र सुधारता येते.

अभ्यासक : तुमच्या यादीतलं काहीही कमी करा, असं मी म्हणणार नाही, साहेब. ती यादी कधी पूर्ण होऊ शकते, या समजुतीवर माझा आक्षेप आहे. ठिणगी म्हटल्यावर डोळ्यांपुढे काडी येते किंवा वेल्डिंग येतं. पण तापलेलं बेअरिंग, बकेट एलिव्हेटरमध्ये सरकून कडेला घासणारा पट्टा, ड्रायरच्या कोपऱ्यात आतल्या आत धुमसणारा भुकटीचा गोळा, अर्थिंगची तार सुटलेला पाइपाचा एखादा तुकडा, यांना कोणत्या गेटवर अडवणार? माणूस स्वतःच चालतीफिरती ठिणगी असतो. कोरड्या हवेत रबरी तळव्यांचे बूट घालून वावरताना अंगावर दहा हजार व्होल्टपर्यंत भार साठू शकतो आणि तो सुटला की साधारण १० मिलिजूल ऊर्जा बाहेर पडते. गव्हाच्या पिठाचा ढग पेटायला सहसा याहून जास्त ऊर्जा लागते, हे मान्य. पण गंधकाची पूड किंवा अतिशय बारीक ॲल्युमिनियम याहून कमी ऊर्जेतही पेटतं. तुमच्या फ्लेमप्रूफ मोटारीचंच बघा. ती रचना मुळात वायूसाठी आहे. आत स्फोट झाला तरी ज्वाळा बाहेर पडू नये, एवढंच तिचं काम. धुळीच्या बाबतीत मोटारीच्या पेटीत कण शिरू नयेत आणि पेटीच्या पृष्ठभागाचं तापमान वाढू नये, हे महत्त्वाचं असतं. त्या मोटारीवर भुकटीचा जाड थर बसला, की तो गोधडीचं काम करतो. उष्णता कोंडते, थर करपतो आणि धुमसायला लागतो. म्हणजे ठिणगी टाळायला केलेला खर्चही शेवटी धुळीच्या हातात जातो.

व्यवस्थापक : पण मग गल्लोगल्ली चक्क्या चालतात त्यांचं काय? घरोघरी गॅसजवळ पीठ चाळलं जातं, भाकरी थापताना पीठ उडतं, तिथे काही होत नाही. तीस-तीस वर्षं एकही अपघात नसलेले कारखाने आहेत, त्यांच्या तुळयांवरही हीच धूळ असते. इतक्या वेळा जे होत नाही त्याचा बाऊ केला, की कामगारही तुमचं खरं मानेनासे होतात. अनुभव हाही पुरावाच आहे ना?

अभ्यासक : आहे, पण तो कशाचा पुरावा आहे ते पाहू. आधी पदार्थ बारीक झाल्यावर काय बदलतं ते बघा. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर असतो. त्याचेच १० मायक्रॉनचे घन केले तर कणांची संख्या एक अब्ज होते आणि एकूण पृष्ठभाग ६००० चौरस सेंटिमीटर. वजन तेच, पण हवेशी गाठ हजारपट. म्हणून साखरेचा खडा जळताना आढेवेढे घेतो आणि साखरेची धूळ एका झटक्यात पेटते. मात्र ढग पुरेसा दाट हवा. बहुतेक सेंद्रिय भुकट्यांना घनमीटरमागे काही दशक ग्रॅम तरी लागतात. ४० ग्रॅम कोळशाची धूळ असलेल्या हवेत दोन मीटरवरचा २५ वॅटचा पेटता दिवाही दिसत नाही. परातीतल्या पिठाचा असा ढग होत नाही, चक्कीच्या दारातही सहसा होत नाही. माणूस उभा राहू शकतो त्या हवेत स्फोट होत नाही, हा तुमचा अनुभव अगदी बरोबर आहे. पण एवढा दाट ढग यंत्राच्या पोटात रोज असतो आणि पहिला, बहुधा लहान, स्फोट तिथेच होतो. तो पत्रा फाडून खोलीत आला, की हवेच्या धक्क्याने तुळया, केबल ट्रे, पाइप यांच्यावरचा थर झडतो. घनमीटरला ५०० किलो भरणाऱ्या भुकटीचा एक मिलिमीटर थर जमिनीवर असेल आणि छत पाच मीटर उंच असेल, तर तो उधळल्यावर सगळ्या खोलीत घनमीटरमागे १०० ग्रॅमचा ढग होतो. हिशेब पाटीवर मांडून बघा. पेटवायला पहिल्या स्फोटाची ज्वाळा मागोमाग येतच असते. हा दुसरा स्फोट इमारत पाडतो. एक बारच्या दहाव्या भागाचा दाब म्हणजे चौरस मीटरमागे एक टन, साधी विटांची भिंत तेवढ्यानेही आडवी होते. तीस वर्षं काही झालं नाही याचा अर्थ एवढाच, की तीस वर्षं पहिला स्फोट झाला नाही. दुसऱ्याची तयारी मात्र रोज मिलिमीटर-मिलिमीटरने चालू होती.

अनुभवाने फसवल्याचा सर्वांत मोठा धडा कोळसा खाणींनी दिला आहे. २८ सप्टेंबर १८४४ रोजी इंग्लंडमधल्या हॅसवेल खाणीत ९५ माणसं आणि मुलं मेली. सरकारने मायकेल फॅरडे आणि भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायल यांना पाठवलं. खांबांवर चिकटलेली, कोक झालेली धूळ पाहून त्यांनी लिहिलं, की वायूने सुरुवात केली असली तरी कोळशाच्या धुळीने आग वाढवली. खाणवाल्यांनी ते कानाआड केलं, कारण वायू नसलेल्या खाणीत स्फोट होत नाही असा त्यांचा ‘अनुभव’ होता. १० मार्च १९०६ रोजी फ्रान्समधल्या कुरिएर इथे, वायूमुक्त समजल्या जाणाऱ्या खाणीत, १०९९ जण मेले. त्यानंतरच मोठ्या बोगद्यांत प्रत्यक्ष धूळ पेटवून पाहणारी केंद्रं युरोप-अमेरिकेत जोमाने उभी राहिली आणि बोगद्यांत चुनखडीची पूड पसरून कोळशाची धूळ निकामी करण्याची पद्धत रुळली. आपल्याकडेही २८ मे १९६५ रोजी धोरी खाणीत कोळशाच्या धुळीच्या स्फोटात २६८ कामगार गेले. तेव्हा हे सगळं परदेशातलं, असं म्हणायची सोय नाही.

व्यवस्थापक : तुम्ही सांगितलेल्या गोष्टीतच तुमची बाजू पडते, मॅडम. कुरिएरच्या आधी, १८८२ मध्ये, मालार आणि ल शातलिए यांच्यासारख्या फ्रेंच शास्त्रज्ञांनीच निर्वाळा दिला होता, की वायू नसेल तर नुसत्या धुळीपासून मोठा धोका नाही. ते काही अडाणी खाणमालक नव्हते. म्हणजे चुकली ती प्रयोगशाळा. आज तुमच्याकडे वीस लिटरचा पोलादी गोळा आहे. त्यात पूड उडवायची आणि १० किलोजूलच्या रासायनिक पेटवणीने ती पेटवायची. एवढ्याशा जागेत एवढी आग घातली तर काय पेटणार नाही? पूड थोडी ओली निघाली, थोडी जाड निघाली की आकडा बदलतो, जागा बदलली की पुन्हा बदलतो. आणि त्या आकड्यांवर आम्ही लाखोंची व्हेंट, म्हणजे स्फोटाचा दाब बाहेर सोडणारी झडपं, बसवायची!

अभ्यासक : हा आक्षेप आमच्याच क्षेत्रातले लोक घेतात आणि तो खरा आहे. वीस लिटरच्या गोळ्यात पूड हवेच्या दाबाने आत सोडतात, साठ मिलिसेकंद थांबतात आणि पाच-पाच किलोजूलच्या दोन पेटवण्या उडवतात. एवढ्या ऊर्जेने आतली हवाच तापते आणि कुंपणावर बसलेली एखादी पूड इथे स्फोटक ठरते, तर एक घनमीटरच्या पात्रात ती पेटतच नाही. म्हणून अशा संशयास्पद पुडींची मोठ्या पात्रात पुन्हा चाचणी घ्यावी लागते. १८८२ मध्ये लहान उपकरणांनी धोका कमी दाखवला, आजचं लहान उपकरण कधीकधी जास्त दाखवतं. दोन्ही वेळा धडा एकच आहे : आकडा पुडीचा एकटीचा नसतो. तो कणांचा आकार, ओलावा, ढगाची खळबळ आणि पात्र या सगळ्यांचा मिळून असतो. तरीही तो निरुपयोगी नाही. दाब किती वेगाने चढतो हे मोजून, त्याला पात्राच्या आकारमानाच्या घनमुळाने गुणलं, की पुडींची तुलना करता येईल असा एक निर्देशांक मिळतो. तो २०० पर्यंत असला तर पहिला वर्ग, ३०० पर्यंत दुसरा, त्यापुढे तिसरा. व्हेंटचं क्षेत्रफळ ठरवायला हा आधार नसेल, तर अंदाजपंचे पत्रा कापावा लागेल. मात्र तुमच्या शंकेतून निघणारा निष्कर्ष तुमच्या विरुद्ध जातो. व्हेंटचा हिशेब चुकू शकतो, पेटायला किती ऊर्जा लागेल हा अंदाज चुकू शकतो. तुळईवर धूळच नसेल, तर त्या ठिकाणी चुकायला काही उरत नाही. आकड्यांवर जितका अविश्वास, तितकं धुळीकडे जास्त लक्ष द्यायला हवं.

व्यवस्थापक : ठीक, मग लक्ष दिलेल्यांचं काय झालं ते पाहू. २००३ मध्ये अमेरिकेतल्या किन्स्टन इथल्या, औषधोपचाराला लागणारं रबरी साहित्य बनवणाऱ्या कारखान्यात सहा कामगार गेले. तिथला हॉल स्वच्छ होता, साफसफाई सतत चालायची. २००८ मध्ये जॉर्जियातल्या पोर्ट वेंटवर्थच्या साखर कारखान्यात चौदा गेले. तिथे सायलोखालचा पट्टा साखरेत घाण पडू नये म्हणून पोलादी पत्र्यांनी झाकला होता. एकाने झाडलं, दुसऱ्याने झाकलं, आणि दोघेही उडाले. शिवाय झाडताना काय होतं, तेही सांगा. कामगार कॉम्प्रेस्ड हवेची नळी घेऊन तुळया साफ करायला चढतो, म्हणजे ज्या ढगाची तुम्ही भीती घालता तो ढग आम्ही पगार देऊन तयार करतो. पाणी मारावं तर माल खराब होतो. मग करायचं काय?

अभ्यासक : आता आपण खऱ्या प्रश्नाशी आलो. किन्स्टनमध्ये रबराच्या पट्ट्या पॉलिइथिलिनच्या पुडीच्या पातळ मिश्रणात बुडवून पंख्यांनी वाळवत. पाणी उडून गेलं की अतिशय बारीक पूड हवेबरोबर वर जायची आणि फॉल्स सीलिंगच्या वर जाऊन बसायची. खाली पुसणाऱ्याला ती दिसत नव्हती. तिथे डोळ्याला दिसणारी धूळ साफ झाली आणि मारणारी वर साठत राहिली. साखर कारखान्यात पट्टा झाकला, पण आतली हवा खेचून घेणारी सोय केली नाही. पूर्वी मोकळ्या जागेत विरून जाणारी धूळ त्या पत्र्यांच्या आत दाट झाली, बहुधा एका तापलेल्या बेअरिंगने ती पेटली आणि पुढचं काम इमारतभर साठलेल्या साखरेच्या धुळीने केलं. ‘बहुधा’ हा शब्द लक्षात घ्या. अशा चौकश्यांत ठिणगीबद्दल पुष्कळदा ‘बहुधा’ लिहावं लागतं, जळणाबद्दल ते कधी लिहावं लागत नाही. आणि नळीने उडवणं ही सफाई नव्हे, हे तुमचं शंभर टक्के खरं. झाडू हा उपाय उशिरा येतो. आधी माल यंत्राबाहेर सांडूच नये, म्हणजे गळणारे जोड बंद करायचे, ओतण्याच्या जागी हवा खेचायची आणि यंत्राच्या आत ढग असणारच, असं धरून तिथे व्हेंट आणि ज्वाळा पुढच्या यंत्रात जाऊ न देणारी अडवणूक ठेवायची. तरीही जे बाहेर येईल ते धुळीसाठीच बनवलेल्या व्हॅक्यूमने उचलायचं आणि ते बसायला आडवी जागाच कमी ठेवायची. आतला स्फोट एक फिल्टर नेईल. बाहेर धूळ नसेल, तर तो माणसं नेणार नाही. आणि हे काही माझं एकटीचं म्हणणं नाही. आपल्या १९४८च्या कारखाना कायद्याचं ३७वं कलम उघडून बघा. त्याने तीन गोष्टी या क्रमाने सांगितल्या : आधी यंत्र बंदिस्त करा, मग धूळ हटवा किंवा साठू देऊ नका, मग पेटण्याची सर्व निमित्तं दूर ठेवा. ठिणगी तिसरी आहे.

व्यवस्थापक : क्रम मान्य केला तरी खर्च कुणाचा? मोठा कारखाना हे करेल. दहा कामगारांच्या शेडला व्हॅक्यूम परवडत नाही, व्हेंट परवडत नाही. परमिटच्या वहीला मात्र फारसा खर्च येत नाही. गरिबाला जे परवडतं ते ठिणगीवरचंच नियंत्रण असतं.

अभ्यासक : गरिबाच्या नावाने ठिणगीची बाजू घेताना चीनमधलं कुनशान आठवा. २ ऑगस्ट २०१४ रोजी तिथे ॲल्युमिनियमची चाकं घासणाऱ्या कारखान्यात स्फोट झाला आणि अखेरीस १४६ माणसं गेली. घासलेली धूळ गोळा करणाऱ्या पिंपात ओल शिरली. ॲल्युमिनियम पाण्याशी अभिक्रिया करून तापलं आणि धूळ आपली आपणच पेटली. कुठलं परमिट तिला अडवणार होतं? तिथे ठिणगी बाहेरून आलीच नाही, साठलेल्या धुळीने ती स्वतः तयार केली. लहान शेडला सगळं एकदम जमणार नाही, हे मी मान्य करते. पण गळणारं गॅस्केट बदलणं, तुळयांवर तिरका पत्रा ठोकणं म्हणजे धूळ तिथे टिकणार नाही, फॉल्स सीलिंग काढून टाकणं, थराची जाडी दर आठवड्याला पाहणं, याला व्हॅक्यूमएवढे पैसे लागत नाहीत. अमेरिकेतल्या एका जुन्या मानकाने इशाऱ्याची जाडी एक मिलिमीटरच्याही आत, पेपरक्लिपच्या तारेएवढी धरली होती. ती मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. आणि तुळईवरची ती पूड तुम्ही विकत घेतलेला, दळलेला आणि गमावलेला माल आहे. धूळ कमी करणं हा खर्च तर आहेच, पण त्यातला काही भाग तुमच्याच तागडीत परत येतो.

या वादात दोन्ही पक्षांना थोडे थोडे द्यावे लागले, हे वाचकाच्या लक्षात आले असेल. अभ्यासकाला प्रयोगशाळेच्या आकड्यांची मर्यादा आणि झाडूचा अपुरेपणा कबूल करावा लागला. व्यवस्थापकाच्या हातून निसटले ते मात्र ठिणगी आवरली की पुरे, हे मूळ गृहीतक. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने १९८० ते २००५ या काळातल्या धुळीच्या २८१ आगी-स्फोटांची नोंद केली, त्यांत ११९ माणसे गेली. बेअरिंग, पट्टा, अंगावरचा विजेचा भार, ओल अशी पेटण्याची निमित्ते अनेक असू शकतात आणि पुढच्या खेपेला त्यांपैकी कोणते पुढे येईल, हे आधी सांगता येत नाही. ठिणगी नेमकी कुठे पडली हे बहुधा ढिगारा उपसल्यावरच कळते, कधी तेव्हाही कळत नाही. धूळ मात्र आधीपासून तिथे असते. तिची जाडी मोजता येते, तिचा उगम दाखवता येतो, ती किती दिवसांत साठली हेही सांगता येते. सुरक्षिततेची जबाबदारी ज्या गोष्टीवर टाकायची ती अपघातापूर्वी हाताला लागणारी असली पाहिजे. व्यवस्थापकाच्या म्हणण्याप्रमाणे धूळ धंद्याचा स्वभाव असेलही, पण तुळईवर ती किती दिवस बसून राहायची, हे धंदा ठरवत नाही. ते माणूस ठरवतो.